मुलींचे खरे लेणे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाई निमंत्रण द्यायला घरी आल्या तेव्हा म्हणाल्या, "बाई, तुम्ही दर रविवारी ख्रिस्ती मुलींचा वर्ग घेता, त्याविषयीच सांगा. पण उपदेश नको हं, अनुभव सांगा." मी जन्मभर शाळेत शिकवले. उपदेश हा आम्हां शिक्षिकांचा जुनाच रोग! तरीही अट मान्य केली, आणि अनुभव सांगायचा तर स्वतःच्या चुकीपासूनच सुरुवात करणे प्रामाणिकपणाचे होईल.

आपल्या मुळशी तालुक्यात ख्रिस्ती घरे थोडी. पिरंगुटच्या कारखान्यांत नोकरीसाठी कोणी अहिल्यानगरकडून आले, कोणी जालन्याकडून. कोणी हिंजवडीकडे कामाला जाते. त्यांच्या बारा ते सतरा वर्षांच्या मुली रविवारी उपासनेनंतर माझ्या ओसरीवर जमतात. आम्ही शास्त्रातला एखादा भाग वाचतो, गाणी म्हणतो, चहा घेतो आणि गप्पा मारतो. नाताळ जवळ आला की नाटक बसवतो. कित्येक वर्षे ते नाटक मीच बसवीत आले. मरिया कोण होणार, देवदूत कोण होणार, मेंढपाळ कोण होणार, हे सारे माझ्या हातात असे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्गातील एक मुलगी, चौदा वर्षांची, रंगाने सावळी, अभ्यासात बरी, आवाजाने खणखणीत, एकाएकी यायची बंद झाली. दोन रविवार गेले, तीन गेले. शाळेतही जात नाही असे कळले. म्हणून मी तिच्या घरी गेले. पाहते तो काय, पोर पाठमोरी बसलेली, तोंडावर ओढणी. आईने ओढणी बाजूला केली. गाल लालभडक झालेले, बारीक पुटकुळ्या उठलेल्या, कातडी इतकी पातळ की खालच्या शिरा दिसाव्यात.

शाळेच्या स्नेहसंमेलनात कोणीतरी तिला रंगावरून चिडवले होते. त्यातच आत्याने सांगितले, आताच काळजी घे, पुढे लग्नाचे पाहावे लागेल. मग आईनेच दुकानातून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय एक मलम आणले. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळल्यासारखा वाटला. मुलीला आनंद, आईला आनंद. पुढे मलम बंद केले की चेहरा पेटायचा, लावले की शमायचा. आम्ही तिला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी सांगितले, यात स्टिरॉइड आहे. ते औषध चांगलेच आहे, पण ठरावीक रोगावर, ठरावीक दिवस आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. रंग उजळण्यासाठी महिनोन्‌महिने चोळले तर कातडी पातळ होते, पुटकुळ्या येतात, नको तिथे लव वाढते. काही गोरेपणाच्या मलमांत तर पारा सापडतो, आणि तो मूत्रपिंडालाही इजा करतो. आई बिचारी रडू लागली. तिने काय वाईट चिंतले होते? लेकीचे भलेच व्हावे म्हणून शिलाईच्या पैशांतून ती डबी आणली होती.

परतताना मी मुलीची समजूत काढू लागले. म्हटले, "अगं, देव बाहेरचे रूप पाहत नाही. माणसाचे अंतःकरण पाहतो." ती गप्प. थोड्या वेळाने म्हणाली, "बाई, मग तुम्ही मला दर नाताळला मेंढपाळच का केलंत?"

मी घाईघाईने उत्तर दिले, "मेंढपाळ काय कमी असतात? प्रभूच्या जन्माची वार्ता पहिल्यांदा त्यांनाच मिळाली!" त्यावर ती शांतपणे म्हणाली, "मग गोऱ्या मुलींना का नाही केलंत मेंढपाळ?"

भगिनींनो, त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. घरी येऊन मी जुने फोटो काढून बसले. वर्षामागून वर्षे तेच! मरिया गोरी, देवदूत गोरे, आणि सावळ्या मुली घोंगड्या पांघरून कोपऱ्यात. मी हे कधी ठरवून केले नव्हते, तरी झाले होते. वास्तविक मरिया कोण? नासरेथसारख्या लहान गावातली कष्टकरी घरची पोर. पाणी भरणारी, दळणारी, उन्हात वावरणारी. ती चित्रांतल्यासारखी गोरीपान असेल, असे मला कोणी सांगितले? माझे तोंड अंतःकरणाचा उपदेश करीत होते आणि माझा हात रंग पाहून वाटणी करीत होता. मुली तोंडाचे ऐकत नाहीत, हाताकडे पाहतात.

त्या दिवसापासून आणखी एक शब्द मला खटकू लागला. 'पण' हा तो शब्द. "रंगाने काळी आहे, पण मनाने चांगली आहे." "दिसायला बेताची, पण कामाला वाघ." बोलणाऱ्याला वाटते आपण कौतुकच केले. ऐकणाऱ्या मुलीला मात्र त्या 'पण'च्या अलीकडचेच ऐकू येते. मनाचे सौंदर्य म्हणजे रूप नसलेल्या मुलीला दिलेले उत्तेजनार्थ बक्षीस नव्हे. ते गोऱ्या मुलीलाही हवे, सावळ्या मुलीलाही हवे. आमच्या शास्त्रात पेत्राच्या पत्रात वेण्या, सोने आणि उंची वस्त्रे यांच्यापेक्षा अंतरीच्या लेण्याचे मोल मोठे म्हटले आहे. त्याचा अर्थ मुलींनी नटू नये, असा मी घेत नाही. अबोली माळावी, बांगड्या भराव्यात. अंगावरचे लेणे काढून ठेवल्यावर जी उरते, तिच्याकडे पाहायला आपल्या मुलीला भीती वाटू नये, एवढाच त्याचा अर्थ. सौम्य आणि शांत वृत्तीचाही तिथे उल्लेख आहे. त्याचाही विपर्यास नको. कोणी वाटेत छेड काढली, कोणी जवळच्याने नको तिथे हात लावला, तर सोसून गप्प बसणे ही सौम्यता नव्हे. तेव्हा ओरडावे, आईला सांगावे, बाईंना सांगावे, 1098 या क्रमांकावर फोन करावा. तोही श्रद्धेचाच भाग आहे.

मग आम्ही वर्गात काय केले, ते सांगते. मार्काच्या शुभवर्तमानात याईराच्या मुलीची गोष्ट आहे. आपल्यापैकी पुष्कळजणींना ती ठाऊक नसेल. याईर हा सभास्थानाचा अधिकारी. त्याची मुलगी मरणाला टेकली म्हणून तो येशूकडे धावत आला. वाटेतच निरोप आला की मुलगी गेली. घरी रडारड चालू होती. येशू म्हणाला ती झोपली आहे, तेव्हा लोक हसले. त्याने सर्वांना बाहेर काढले, आईबापांना आणि आपल्या तिघा शिष्यांना घेऊन आत गेला, मुलीचा हात धरला आणि तिला उठायला सांगितले. ती उठून चालू लागली. मार्क मुद्दाम नोंदवतो की ती बारा वर्षांची होती. आणि शेवटी येशूने काय सांगितले? हिला काहीतरी खायला द्या!

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले, परंतु त्या वर्षी मुलींबरोबर वाचताना तिच्यातल्या तीन गोष्टी मला प्रथमच दिसल्या. हात धरणे, उभे करणे आणि खाऊ घालणे. त्याच्याही आधी हसणाऱ्यांना त्याने घराबाहेर काढले! आमचा वर्ग आता या तीन गोष्टींवरच चालतो.

हात धरणे म्हणजे तिचे ऐकून घेणे. आमच्या मुलींच्या मनात रंगाखेरीज आणखीही शल्ये आहेत. वर्गात एखाददुसरीच ख्रिस्ती मुलगी. कोणी विचारते, "तुम्ही आधी कोण होता?" कोणी म्हणते, "तुमची नावे इंग्रजी का?" सणाला सगळ्याजणी जमतात, तेव्हा बोलवावे की नाही, याचा विचार होतो. वयच असे की सर्वांसारखे असावेसे वाटते. त्यातच मोबाइल हातात. त्यात एका बोटाने चेहरा गोरा होतो, नाक सरळ होते, मग खरा आरसा शत्रू वाटू लागतो. या साऱ्याला "वेडेपणा आहे" म्हणून झटकून टाकू नये. मी आता पहिला अर्धा तास काहीच शिकवत नाही. मुली बोलतात, मी ऐकते. मला ते फार जड जाते, हे प्रामाणिकपणे सांगते!

उभे करणे म्हणजे तिच्यावर काम सोपवणे. इथे मला आपल्याच पुणे जिल्ह्यातली एक थोर स्त्री आठवते. मागल्या वर्षी आम्ही मुलींना घेऊन दौंड तालुक्यातील केडगावला गेलो होतो. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन तिथे आहे. आगगाडीत मी मुलींना रमाबाईंची हकिकत सांगितली. 1858 मध्ये जन्म. आईनेच संस्कृत शिकवले. दुष्काळात आईवडील गेले, थोरली बहीणही गेली. भावाबरोबर ही मुलगी उपाशी, अनवाणी, शेकडो कोस पायी हिंडली. 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या, तेव्हा ती वीस वर्षांची होती. पुढे विवाह झाला, मुलगी झाली, आणि 1882 मध्ये पतीही गेले. कडेवर वर्षाचेही न झालेले मूल. वैद्यकी शिकण्यासाठी इंग्लंडला गेल्या, पण कानांनी कमी ऐकू येत असल्याने ते शिक्षण घेता आले नाही. 1883 मध्ये तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परत आल्यावर 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, पुढल्या वर्षी ते पुण्यास आणले, आणि 1896-97 च्या दुष्काळात अन्नान्न झालेल्या शेकडो मुलींना आश्रय देऊन केडगावचे मुक्ती सदन उभे केले.

आमची ती मुलगी मध्येच म्हणाली, "बाई, यांना ऐकू येत नव्हतं, तरी?" मी म्हटले, "हो, तरी." तो 'तरी' मला फार मोलाचा वाटला. 'पण'पेक्षा 'तरी' हा शब्द किती चांगला!

रमाबाई साधे पांढरे लुगडे नेसत. अंगावर दागिना नाही. परंतु त्यांनी मुलींना नुसते उपदेश दिले नाहीत. विणकाम, शेती, स्वयंपाक, शिवण, छपाई असे हाताला काम दिले. आंधळ्या मुलींसाठीही तिथे शिक्षणाची सोय झाली. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळे पवित्र शास्त्र सोप्या मराठीत उतरवले. त्याचे खिळे जुळवले ते केडगावच्या मुलींनी! ज्यांना घरच्यांनी किंवा दुष्काळाने टाकून दिले होते, त्याच हातांनी ते पुस्तक छापले. 1921 मध्ये कन्या मनोरमाबाई गेल्या, 5 एप्रिल 1922 रोजी स्वतः रमाबाई गेल्या, पण काम अपुरे राहिले नाही. 1924 मध्ये संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला. आत्मविश्वास आरशासमोर उभे राहून येत नाही, भगिनींनो. आपल्यावाचून अडेल असे काम कोणीतरी विश्वासाने हातात दिले म्हणजे तो येतो.

इथे बसलेल्या हिंदू भगिनींना वाटेल, ही ख्रिस्ती बाईची गोष्ट झाली, आम्हांला काय? तर शारदा सदनातच गोदूबाई नावाची एक बालविधवा शिकत होती. 1893 मध्ये तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. त्याच आपल्या बाया कर्वे. आपण पौड रस्त्याने पुण्यात शिरतो, कोथरूड ओलांडले की कर्वेनगर लागते, तेच जुने हिंगणे. अण्णांच्या आश्रमाची ती भूमी. रमाबाईंच्या घरी पेटलेल्या दिव्यावर दिवा लागत तो उजेड आपल्या उंबऱ्यापर्यंत आला आहे. दिव्याला धर्म विचारून कोणी वात लावीत नाही.

दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. त्यांचे यजमान, कवी नारायण वामन टिळक, 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई झाल्या नाहीत. दुरावा सोसला, लोकांची बोलणी सोसली, पण नवरा गेला म्हणून आपण मागे जायचे, असे केले नाही. स्वतः विचार केला, जातिभेदाची गाठ मनातून स्वतः सोडवली, आणि पटले तेव्हा, 1900 मध्ये, बाप्तिस्मा घेतला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिले, आणि त्यात स्वतःच्या फजित्या मोकळ्या मनाने सांगून साऱ्या महाराष्ट्राला हसवले. स्वतःवर हसता येणे हे किती मोठे लेणे आहे! आम्हां ख्रिस्ती आयांनाही यातून एक धडा आहे. श्रद्धा मुलीच्या डोक्यावर हंड्यासारखी ठेवता येत नाही. तिला प्रश्न विचारू द्यावेत, वेळ द्यावा. लक्ष्मीबाईंना पाच वर्षे लागली. आपल्या सोळा वर्षांच्या मुलीला आपण पाच मिनिटेही देत नाही.

आता तिसरी गोष्ट, खाऊ घालणे. हसू नका, ही सर्वांत महत्त्वाची आहे. आपल्या महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक मुलींच्या अंगात रक्त कमी आहे. चेहरा निस्तेज, दम लागतो, अभ्यासात लक्ष लागत नाही, आणि आपण म्हणतो मुलगी उदास का? मुलग्याला दुधाचा पेला आणि मुलीला उरलेली आमटी, मग तिला देवाने आपल्याला मोलाचे मानले आहे, हे कसे पटावे? नाचणीची भाकरी, पालेभाजी, मोड आलेली कडधान्ये, वर लिंबाची फोड, जमेल त्याने अंडी-मासळी, आणि शाळेत व अंगणवाडीत मिळणारी लोहाची गोळी दर आठवड्याला. ती गोळी पुष्कळ मुली दप्तरात टाकून देतात, हेही सांगून ठेवते. मळमळते म्हणून टाकतात. जेवल्यावर घेतली तर तो त्रास कमी होतो.

आपण विचाराल, त्या मुलीचे पुढे काय झाले? चमत्कार झाला नाही. डॉक्टरांच्या औषधाने चेहरा पुष्कळ निवळला, पण डाग राहिले. दीड महिन्याने ती शाळेत जाऊ लागली. त्या वर्षीच्या नाटकाच्या वेळी मी तिला म्हटले, "या खेपेला तू मरिया हो." माझ्या मनाला तेवढेच प्रायश्चित्त! तिने मान हलवली. म्हणाली, "नको बाई. तुम्हाला वाईट वाटलं म्हणून नको. मला शास्त्रपाठ वाचायचा आहे. माझा आवाज मोठा आहे." आणि नाताळच्या संध्याकाळी तिने तो वाचला. माइक बंद पडला, तरी शेवटच्या ओळीतल्या म्हाताऱ्यांनाही ऐकू गेला. मरियेच्या भूमिकेसाठी आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. गोऱ्या मुली घोंगडी पांघरून मेंढ्या राखीत होत्या, आणि त्यांनाही मजा वाटली.

आता ती अकरावीत आहे. अजूनही आरशासमोर रेंगाळते. अजूनही एखाद्या दिवशी ओढणी पुढे ओढते. मी काही बोलत नाही. एवढेच पाहते, की वाचायची वेळ आली की ओढणी मागे जाते.

शेवटी मंडळापुढे माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, आपल्या घरात मुलींच्या देखत रंगावरून, नाकावरून, अंगलटीवरून बोलणे आजपासून बंद करावे. थट्टेतही नको. दुसरी, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय चेहऱ्याला मलम आणू नये आणि शेजारणीला आणू देऊ नये. तिसरी, आठवड्यातून एक तास ही मंडळाची खोली मुलींना द्यावी, सर्व जातिधर्मांच्या मुलींना. तिथे आपण त्यांना शिकवायचे नाही. त्यांनी बोलायचे आणि आपण ऐकायचे. चहाची व्यवस्था मी करीन.

मुलींनो, तुम्हांला एवढेच सांगते. ज्या देवावर माझी श्रद्धा आहे, त्याने तुम्हांला घडवताना कोणाच्या पसंतीसाठी घडवले नाही. ज्यांच्या घरी देवाचे नाव निराळे आहे, त्यांनीही आपल्या आजीला विचारून पाहावे. तीही हेच सांगेल. आणि कधी माझ्यासारखी एखादी बाई तुम्हांला पुन्हा कोपऱ्यात बसवू लागली, तर त्या मुलीने विचारला तसा प्रश्न जरूर विचारा. बाईंना राग येणार नाही. आलाच तर घरी गेल्यावर उतरेल.